घरच्या पडद्यावरील युद्धपट

एकाद्या घरीं नवा टीव्ही आला कीं शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘किती इंचांचा?’ हा असतो आणि दुसरा ‘फोर-के आहे ना?’ हा. दुकानदारहि हाच आंकडा पुढें करितो. आंकडा खोटा नाहीं. मात्र जुन्या काळचा एकादा युद्धपट त्या पडद्यावर कसा दिसेल व कसा ऐकूं येईल, हें त्यावरून फार थोडें समजतें. तें कशावरून समजतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं उदाहरण शोधीत दूर जाण्याचें कारण नाहीं. तें आपल्या पुण्यांतच आहे.

कोल्हापुरास निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या स्टुडिओच्या जागेंत १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ च्या फेब्रुवारींत याच शहरांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. पी. के. नायर यांनीं वर्षानुवर्षें खपून देशभरच्या फिती तेथें गोळा केल्या. आतां या संग्रहालयाकडून जुन्या चित्रपटांची दुरुस्ती होत असते. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत २०२३ सालीं अशा दुरुस्त चित्रपटांमध्यें ‘श्यामची आई’च्या जोडीला चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) होता, व २०२४ सालीं ‘हम दोनों’ (१९६१) होता. ‘हकीकत’ हा १९६२ च्या चीनबरोबरील युद्धावरचा, लडाखच्या पहाडांत घेतलेला चित्रपट. ‘हम दोनों’मध्यें दुसऱ्या महायुद्धांत भेटलेल्या, एकमेकांसारख्याच दिसणाऱ्या दोन लष्करी अधिकाऱ्यांची कथा असून दोन्ही भूमिका देव आनंद यांनींच केल्या आहेत. दोन्ही चित्रपट मूळचे कृष्णधवल.

अशा चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हवर टीव्हीसारखे ओळीनें मांडलेले ठिपके नसतात. तेथें असतात चांदीचे सूक्ष्म कण, शेतांत मुठीनें बीं फेंकावें तसे वेडेवांकडे विखुरलेले. एका चौकटींतील कणांची मांडणी दुसरींत नसते. आणि सेकंदास चोवीस चौकटी डोळ्यांपुढून सरकत असल्यामुळें त्या चित्रांत एक बारीक थरथर सतत चालू असते. ही थरथर म्हणजे मळ नव्हे. सैनिकाच्या गालावरील सुरकुती, कोटाच्या लोंकरीचा पोत, दूरच्या खडकाची धार, हें सर्व त्या कणांचेंच बनलेलें आहे.

गणिताची आवड असलेल्यांनीं पुढील हिशेब करून पाहावा. निगेटिव्ह फोर-के प्रमाणानें टिपतांना एका चौकटीचे ४०९६ गुणिले ३११२, म्हणजे सुमारें १ कोटी २७ लक्ष बिंदु होतात, व प्रत्येक बिंदूस चार बाइट जागा धरल्यास एका चौकटीस पांच कोटींहून अधिक बाइट लागतात. अडीच तासांच्या चित्रपटांत २,१६,००० चौकटी. एकूण बेरीज अकरा लक्ष कोटी बाइटांच्या घरांत जाते. घरीं आणावयाच्या अति-स्पष्ट तबकडींत फार तर दहा हजार कोटी बाइट मावतात. म्हणजे मूळ नोंद शंभरपटींहून अधिक दाबून बसवावी लागते, आणि इंटरनेटवरून येणारी प्रत तर याहूनहि दाबलेली असते. दाबणारें यंत्र सारख्या वस्तूंचें वर्णन एकदांच करून जागा वांचवितें; भिंत स्थिर असेल तर तिला पुन्हा पुन्हा लिहावें लागत नाहीं. पण धूर, धूळ, उडणारें हिम आणि ते चांदीचे कण दर क्षणीं बदलतात. त्यामुळें दिवाणखान्यांत घडणारा कौटुंबिक चित्रपट सहज निभावतो, आणि युद्धपटाची मात्र कसोटी लागते. प्रत वाईट असेल तर तोफेच्या धुरांत चौकोनी ढेंकळें दिसूं लागतात.

आतां बिंदूंच्या संख्येविषयीं. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारें १२२ सेंटिमीटर असते. तीस घरच्या फोर-केच्या ३८४० बिंदूंनीं भागलें तर एक बिंदु मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् लहान निघतो. निरोगी डोळ्यास अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखतां येतो. त्या हिशेबानें हे बिंदु निरनिराळे दिसण्यास पडद्यापासून साडेतीन फुटांच्या आंत बसावें लागेल! आठ-दहा फुटांवरच्या कोचावरून फोर-के व त्याआधीचा एचडी यांच्या निव्वळ बिंदुसंख्येंतला फरक कळत नाहीं.

मग फरक दिसतो तो कशानें? मुख्यतः छटांनीं. जुन्या पद्धतींत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या होत्या. नव्या पद्धतींत १०२४ आहेत. ‘हकीकत’मधील बर्फ आणि त्यावरचें आकाश मनांत आणावें. पायऱ्या थोड्या असल्या तर बर्फाचा एकसारखा पांढरा कागद होतो व आकाशांत पट्टे उमटतात. त्या अधिक असल्या, आणि दुरुस्ती करणाराचा हात संयमी असला, तर उन्हांतला बर्फ व सावलींतला बर्फ वेगळा कळतो आणि त्यांतून चालणाऱ्या माणसास थंडी वाजते आहे असें वाटतें.

संयम हा शब्द मुद्दाम वापरिला आहे. चांदीचे कण यंत्रानें पुसून टाकतां येतात. तसें केल्यास चित्र ‘स्वच्छ’ होतें खरें, पण चेहरे मेणाचे होतात. ‘हम दोनों’ची २०११ सालीं रंग भरलेली व चौकट रुंद केलेली आवृत्ति प्रदर्शित झाली होती. ती पुष्कळांनीं आवडीनें पाहिली असेल. प्रस्तुत लेखकास मात्र ती दुरुस्ति वाटत नाहीं. छायालेखकानें प्रकाश बसविला तो काळ्या-पांढऱ्याचा विचार करून. त्यावर मागाहून ओतलेला रंग त्याचा नव्हे.

या गोष्टी नाजूक होण्याचें आणखी एक कारण आहे. १९५० च्या सुमारापर्यंत फिती नायट्रेटच्या असत आणि त्या भडकन् पेटत. २००३ च्या जानेवारींत इन्स्टिट्यूटच्या आवारांतील गोदामास आग लागून संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा भस्म झाला. त्यापुढच्या ॲसिटेटच्या फिती तशा पेटत नाहींत, पण उष्ण व दमट हवेंत कुजतात, आकसतात, आणि डबा उघडला कीं शिरक्याचा उग्र वास येतो. एकादी निगेटिव्ह पुन्हा टिपण्याजोगी राहीलच असें नाहीं. तेव्हां आज तिच्यावरून जी प्रत घेतली जाईल, तीच कदाचित् शेवटची ठरेल.

ध्वनीची कथा थोडी निराळी. त्या काळीं चित्रगृहांत जाणाऱ्या प्रतीवर ध्वनि चौकटींच्या कडेला एका अरुंद पट्टीवर चित्ररूपानेंच छापलेला असे. तिच्यांतून प्रकाश जाऊन प्रकाशविद्युत् घटावर पडे व त्याची वीज होऊन ध्वनिक्षेपकांतून आवाज निघे. सेकंदास सात-आठ हजार कंपनांच्या वरचें तींत फारसें कांहीं उतरत नसे, आणि तोफेचा आवाज एका मर्यादेपलीकडे गेला कीं तो फाटे. असा एकेरी ध्वनि आज पांच-सहा ध्वनिक्षेपकांत वांटला कीं बंदुका पाठीमागून वाजूं लागतात, पण ती करामत आजची आहे. मधल्या एकाच ध्वनिक्षेपकांतून येणारा मूळ ध्वनि दिलेला असेल तर तोच निवडावा.

टीव्हींतहि कांहीं सोयी आपल्यासाठीं अगोदरच चालू करून ठेविलेल्या असतात. चोवीस चौकटींच्या मध्यें खोट्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय, कण पुसणारी सोय आणि रंग भडक करणारी सोय, या तिन्ही बंद कराव्या. खोलींतील दिवा मंद ठेवावा. ‘हम दोनों’मध्यें लायटरमधून एक बारीक सूर वारंवार निघतो. तो सुरू होण्यापूर्वींच्या शांततेंत फितीची हलकी खरखर ऐकूं आली, तर प्रत करणारानें आवाज पुसण्याची घाई केलेली नाहीं असें समजावें.