बॉडी डॅम्पर: मिलिमीटरभराचा खेळ

लेक्सस एलसीसारख्या कूपेत बॉडी डॅम्पर हा सुटा भाग नंतर बसवून घेणारे जपानमध्ये बरेच. चाकांजवळच्या शॉक ॲब्सॉर्बरशी याची गल्लत नको. ते जागच्या जागीच राहतात. पुढे आणि मागे, बंपरच्या आत, बॉडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी ही आडवी नळी असते. आत तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन.

धावताना गाडीची बॉडी जेमतेम मिलिमीटरभर वाकते आणि स्प्रिंगसारखी परत येते. पोलाद कडक असलं तरी थरथर शोषत नाही: परातीवर टिचकी मारली की ती घुमत राहते, बोट टेकवलं की गप्प. ते बोट म्हणजे हा डॅम्पर. साधा स्ट्रट बार बॉडी नुसती आवळतो. डॅम्पर थरथरीची उष्णता करून टाकतो.

यामाहाने ही कल्पना 2001 मध्ये टोयोटा क्राउनच्या मर्यादित आवृत्तीत आणली. 2011 च्या लेक्सस सीटी 200एचमध्ये तर ती कारखान्यातूनच आली.

बसवायला बंपर उतरवावा लागतो. वेग वाढत नाही, फरक स्टिअरिंगवर आणि सीटखाली जाणवतो. टायर झिजले असतील तर आधी ते बदला. हा खर्च नंतरचा.