औषधांची कोठी आणि एक खातेपुस्तक

सरकारी खरेदी म्हटली की मागणीपत्र, निविदा, दरांचा तुलनात्मक तक्ता, मंजुरी आणि देयक अशी कागदांची वरात ओघानेच आली. आणि एकाच तापाच्या गोळीसाठी जेव्हा निरनिराळी रुग्णालये ही वरात स्वतंत्रपणे काढू लागतात, तेव्हा दर चढतो, दर्जाची शहानिशा कोणाच्याच अंगावर राहत नाही, आणि एका कोठीत मुदत संपलेल्या औषधांची रास तर शेजारच्या तालुक्यात रिकामी फडताळे, असा प्रकार घडतो.

या दुखण्यावर तमिळनाडूने 1994 मध्ये सरकारी महामंडळ स्थापून इलाज केला. निविदा काढणे, दरकरार करणे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील गोदामांत माल ठेवणे, ही कामे त्याने सरकारी रुग्णालयांच्या वतीने एकहाती पत्करली. आलेल्या मालाचा नमुना उत्पादकाचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांकाने प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे आपण कोणाच्या औषधाचा निवाडा करीत आहोत याचा परीक्षकाला थांगपत्ता नसतो.

परंतु या साऱ्या सरंजामाला जिवंत ठेवते ते एक साधे खातेपुस्तक. वर्षाच्या तरतुदीनुसार प्रत्येक रुग्णालयाच्या नावे त्यात रक्कम जमा दाखविलेली असते. गोदामातून जे जिन्नस उचलावेत, त्यांची किंमत शिलकेतून वजा होत जाते. भाव ठरविणे एका हाती आले, तरी काय व किती घ्यावे याचा अखत्यार रुग्ण तपासणाऱ्यांकडेच राहिला. वरून येईल ते मुकाट्याने भरून घेण्याची कोठावळ्याची लाचारी सरली. केरळ आणि राजस्थान यांनी पुढे हाच कित्ता गिरविला.

महाराष्ट्रातही 2017 पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती, आणि 2023 च्या कायद्याने तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. एकवटण्यात एक जोखीमही असतेच: विखुरलेल्या खरेदीत एक निविदा रखडली तर एक रुग्णालय अडते, एकवटलेल्या खरेदीत सारे राज्य तिष्ठत बसते. म्हणून अशा संस्थेची पारख करताना तिने दर किती पाडला एवढेच पाहून भागत नाही. आडगावच्या औषध निर्माण अधिकाऱ्याला आपल्या खात्यावरील शिल्लक कळते का, आणि तिच्या बळावर मागितलेली पेटी पावसाळ्यापूर्वी त्याच्या दारी पोचते का, हेही विचारावे लागते.