सज्जन हुकूमशहा : सालाझारच्या राजवटीचा धडा

हुकूमशहा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिटलर उभा राहतो. मुठी आवळून ओरडणारा, लाखोंचा संहार करणारा. त्यामुळे एक मोठा गैरसमज समाजात रुजला आहे. जो ओरडत नाही, पैसा खात नाही, साधेपणाने राहतो, अशा माणसाच्या हाती सारी सत्ता सोपवली तर बिघडले कुठे, असे सुशिक्षित तरुणही विचारतात. नालासोपाऱ्यात आणि आसपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. विचारणारी मुले पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतली, घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचणारी असतात. म्हणूनच हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

त्याचे उत्तर शोधायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. गोव्यात, दमणमध्ये आणि आजच्या पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा-नगरहवेलीत असाच एक ‘सज्जन’ हुकूमशहा राज्य करून गेला. त्याचे नाव आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार.

सालाझारचा जन्म १८८९ साली पोर्तुगालमधल्या एका खेड्यात झाला. बाप जमीनदाराच्या शेतीची देखरेख करणारा. मुलगा आधी पाद्र्यांच्या शाळेत शिकला आणि पुढे कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२६ साली लष्कराने पोर्तुगालचे प्रजासत्ताक मोडले. देशाची तिजोरी रिकामी होती. १९२८ मध्ये या प्राध्यापकाला अर्थमंत्री नेमण्यात आले आणि प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला शब्द अखेरचा राहील, ही अट त्याने मान्य करून घेतली. हिशेब जुळले, त्याचा बोलबाला झाला आणि १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. ते पद त्याने ३६ वर्षे सोडले नाही. तो अविवाहित होता, काटकसरी होता, गर्दीपासून दूर राहत असे. त्याच्या भक्तांना तेवढे पुरेसे होते.

आता या सज्जनाची राज्यव्यवस्था पाहू. १९३३ साली नवी राज्यघटना मंजूर झाली. ज्यांनी मतदानच केले नाही, त्यांची गणनासुद्धा होकारात झाली. राजकीय पक्ष एकच उरला. संपावर बंदी आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला आणि राजकीय पोलिसांचे जाळे पसरले. १९३६ मध्ये केप व्हर्दे बेटांवरच्या ताराफाल येथे राजकीय कैद्यांची छावणी उघडली. त्याच वर्षी सरकारी नोकरांकडून निष्ठेचे प्रतिज्ञापत्र घेणे सुरू झाले, आणि प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचे तर सरकारची परवानगी लागू लागली. मुलांसाठी सक्तीचे शिक्षण तीन वर्षांवर आणून ठेवण्यात आले. गरिबाच्या मुलाने वाचावे, बेरीज करावी आणि थांबावे! ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांना या काटकसरीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

‘सर्वंकष सत्ता’ हे नाव सालाझारला स्वतःला आवडत नसे. आपली सत्ता धर्म आणि नीती यांनी मर्यादित आहे, असे तो म्हणे. वस्तुतः ती नीती ठरवणाराही तोच होता. मर्यादा ओलांडली असे सांगणारे न्यायालय, पक्ष वा वर्तमानपत्र त्याने शिल्लक ठेवले नव्हते.

या राजवटीचा दुसरा चेहरा वसाहतींत दिसतो. परक्या भूमीवर ताबा ठेवणे आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावधर्मच आहे, असे १९३० च्या वसाहत कायद्याने जाहीर केले. हा कायदा सालाझारच्याच पुढाकाराने झाला. अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील आफ्रिकी माणूस १९६१ पर्यंत कायद्याने ‘देशी’ म्हणजे नागरिकत्वाबाहेरचा होता. पोर्तुगीज भाषा आणि राहणी आत्मसात केल्याचे सिद्ध करील त्यालाच नागरिक होता येई. जन्माने हीन ठरवायचे आणि मग परीक्षा घ्यायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

गोव्याला ‘देशी’ माणसाचा हा कायदा लागू नव्हता, पण स्वातंत्र्यही नव्हते. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका समारंभात निषेधाचा शब्द उच्चारला, तेवढ्यावरून त्यांना अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. मराठी शाळेत शिकवणारे मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते १९६९ मध्ये.

एवढा इतिहास पाठ्यपुस्तकांतही सापडेल. आपण आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. लिस्बनमधला एक माणूस हजारो मैलांवरच्या गावांना इतकी वर्षे कसा दाबून ठेवू शकला? केवळ बंदुकीने हे होत नाही. गोव्यातला मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राही. त्या बदल्यात बोलावणे येईल तेव्हा राबे. शब्द वर गेला तर छप्पर जाण्याची भीती. गावच्या सामाईक जमिनीचा कारभार वंशपरंपरेने गावकार म्हणवणाऱ्या घराण्यांकडे होता, आणि १९६१ मध्ये सालाझारच्या राजवटीने केलेल्या संहितेतही जन्माचा हा हक्क कायम राहिला. अर्थात ही उतरंड सालाझारने निर्माण केली नव्हती. ती आधीपासून होती, त्याने ती वापरली. मान खाली घालण्याची सवय गावात लागलेली असली की राजधानीतल्या हुकूमशहाचे काम सोपे होते.

म्हणूनच झेंडा बदलल्याने मुंडकाराचे छप्पर आपोआप सुरक्षित झाले नाही. त्याला हुसकावून लावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला तो १९७५ साली, तोही निवडून आलेल्या विधानसभेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशारा या संदर्भात पुन्हा वाचला पाहिजे. माणूस कितीही थोर असो, त्याच्या पायांवर आपले स्वातंत्र्य वाहू नका. राजकारणातली भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनी बजावले. त्याच भाषणात सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही, असेही सांगितले. हे दोन इशारे एकच आहेत. जातीने माणसाला वरच्यापुढे वाकायला शिकवले आहे, आणि भक्ती हे त्याच वाकण्याचे राजकीय रूप आहे.

आमच्या सोपाऱ्याच्या परिसरात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. त्यांपैकी १९५६ साली भुईगाव येथे मिळालेला तुकडा नवव्या लेखाचा आहे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागा, हा त्या लेखाचा एक उपदेश. अशोकाची आणि सालाझारची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण अशोकासारखा राजा लाभूनही दासाला मिळाला तो उपदेशाचा लाभ. दाद मागण्याचा हक्क त्याच्या हाती नव्हता. राजा गेला की दया संपते. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली ती कोणाची मर्जी म्हणून नव्हे. कलम १७ मोडणाऱ्यावर खटला भरता येतो, मग राज्यावर कोणीही असो.

सालाझार १९६८ मध्ये खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली आणि त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला गेला. ते त्याला सांगण्याची हिंमत कोणाला झाली नाही. १९७० मध्ये तो मेला तोवर मंत्री त्याच्यापुढे येऊन जणू तोच राज्य करतो आहे असे भासवत राहिले. देशाला चाळीस वर्षे गप्प बसवणाऱ्याला शेवटी स्वतःबद्दलचे सत्यही ऐकायला मिळाले नाही. त्याची राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली.

तेव्हा ‘माणूस प्रामाणिक आहे’ असे कोणी सांगितले, तर त्याला उलट विचारावे: तो चुकला तर त्याला अडवणार कोण? त्याच्याविरुद्ध लिहिणाऱ्याची नोकरी टिकेल काय? आणि वस्तीतल्या शेवटच्या घराला दाद मागायला जागा आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्याच्या साधेपणाचे कौतुक करण्याचे आपल्याला कारण नाही.