‘ॲना कॅरेनिना’चे पहिले वाक्य

सुखी कुटुंबे सारखी आणि दुःखी कुटुंबे मात्र निरनिराळी, अशा अर्थाच्या विधानाने लिओ टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ सुरू होते. कादंबरी न वाचलेल्यांनाही हे विधान परिचयाचे असते.

टॉलस्टॉयने १८७३ मध्ये पुश्किनचे गद्य वाचता वाचता ही कादंबरी लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यांत हे वाक्य नव्हते. ते नंतर आले. जानेवारी १८७५ पासून ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकात कादंबरी क्रमशः छापली गेली. संपादक कात्कोव यांनी शेवटचा भाग छापायला नकार दिल्यामुळे तो १८७७ मध्ये स्वतंत्रपणे निघाला.

सुखासाठी अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात, बिघडायला मात्र त्यांतली एखादी पुरते, असा या वाक्याचा अर्थ सहसा लावला जातो. लगेच त्याचे उदाहरणही येते. स्टिव्हा ओब्लोन्स्कीचे मुलांच्या फ्रेंच शिक्षिकेशी असलेले संबंध पत्नी डॉलीला कळले आहेत. ती तीन दिवस खोलीबाहेर आलेली नाही, मुले घरभर भटकत आहेत, आचारी ऐन जेवणाच्या वेळी निघून गेला आहे आणि स्टिव्हा अभ्यासिकेतल्या कातडी कोचावर झोपतो आहे.

विसाव्या शतकात हे वाक्य कादंबरीबाहेर पडले. १९६९ मध्ये व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी ‘एडा’ या कादंबरीची सुरुवातच ते उलटे करून केली. उर्सुला ले ग्विन यांनी सुखी घरे एकसारखी असतात हे म्हणणेच एका निबंधात खोडून काढले. जॅरेड डायमंड यांनी १९९७ च्या ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’मध्ये त्यावरून ‘ॲना कॅरेनिना तत्त्व’ मांडले. त्यांच्या हिशेबाने माणसाळवता येण्याजोग्या १४८ मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्यांपैकी फक्त १४ माणसाळले. आहार, वाढीचा वेग, बंदिवासातील प्रजनन, स्वभाव, बुजरेपणा आणि कळपाची रचना यांपैकी एक बाब जरी आड आली तरी प्रयत्न फसतो. झेब्रा त्याच्या चावऱ्या स्वभावामुळे रानटीच राहिला. २०१७ मध्ये प्राण्यांच्या शरीरातील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातही हेच तत्त्व वापरले गेले.

लोकांनी वाक्याचा नियम केला. कादंबरी मात्र त्याला नियम मानत नाही. तिच्यातल्या लेव्हिन या पात्राला प्रेमळ पत्नी, मूल आणि शेतीवाडी असे सारे काही लाभते, तरीही गळफास घेऊ नये म्हणून तो घरातली दोरी लपवून ठेवतो. पहिल्या वाक्याला कादंबरीने शेवटच्या भागात दिलेले हे उत्तर त्या वाक्याइतके प्रसिद्ध झालेले नाही.