दातांच्या डॉक्टरांचं शिक्षण कधी संपतं?



मुलीच्या लग्नाआधी मी दात साफ करून घ्यायला एका दवाखान्यात गेलो होतो. शहराचं नाव सांगत नाही. खुर्चीत बसून दहा मिनिटं झाली नसतील, तिथल्या तरुण डॉक्टरांनी स्क्रीनवर माझा फोटो दाखवला. शेजारी तोच फोटो, पण दात पांढरेशुभ्र. म्हणाले, "सर, वरचे सहा दात घासून कॅप बसवू. लग्नाच्या अल्बममध्ये दहा वर्षांनी तरुण दिसाल."

माझे दात किडलेले नव्हते, हलत नव्हते. वयाप्रमाणे पिवळे झाले होते, इतकंच. शिवाय 1986 साली युनिटमध्ये व्हॉलीबॉल खेळताना पुढच्या एका दाताचा कोपरा उडाला होता, तिथलं जुनं फिलिंग डागाळलं होतं. मी विचारलं, "हे काम तुम्ही कुठे शिकलात?" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. फ्रेम केलेली प्रमाणपत्रं होती. मोजली, अकरा निघाली. सगळी एक किंवा दोन दिवसांच्या कोर्सची.

कॅप मी बसवून घेतल्या नाहीत. पण तो डॉक्टर लबाड होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो करत होता. पदवी मिळाल्यावर दातांचे डॉक्टर पुढचं काम शिकतात कुठे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला. माझी भाची इंदूरला दंतवैद्य आहे. तिला मी बराच छळला, तिच्याबरोबर दोन कोर्सच्या ठिकाणी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. आजचं बोलणं त्यातूनच आलंय.

आपल्याकडे बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर माणूस तीस-पस्तीस वर्षं दवाखाना चालवतो. एवढ्या काळात हातातलं सामान बदलतं, आणि दातांच्या बाबतीत ते मुळापासून बदललं. आपल्या पिढीच्या दाढांत 'चांदी' भरलेली आहे. ती खरी पारा आणि इतर धातूंचं मिश्रण. चांदी दाताला चिकटत नाही. म्हणून डॉक्टर खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचे, म्हणजे भरलेलं आत अडकून बसायचं. त्यासाठी थोडा चांगला दातही जायचा. पण काम दणकट. थोडी लाळ लागली तरी चालून जायचं.

मग 1955 साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने दाखवून दिलं की दाताच्या वरच्या कवचाला, म्हणजे एनॅमलला, फॉस्फोरिक आम्ल लावून धुतलं की त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन तिथे घट्ट धरून बसतं. पुढे 1962 च्या सुमाराला रफाएल बोवेन यांनी त्यासाठी योग्य रेझिन तयार केलं. दाताच्या रंगाचं जे फिलिंग आज सगळीकडे मिळतं, ते या दोघांच्या कामावर उभं आहे. त्यात पाऱ्याचा प्रश्नही येऊन मिळाला. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला. भारताने तो 2018 मध्ये मान्य केला. युरोपीय संघात तर 1 जानेवारी 2025 पासून, काही अपवाद सोडले तर, चांदी भरणं बंदच आहे.

म्हणजे 1985 साली चांदी भरायला शिकलेल्या डॉक्टरला आज रेझिन भरावं लागतं. वरवर वाटतं, एक मसाला गेला, दुसरा आला. तसं नाही. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सगळी गोम इथेच आहे.

रेझिनचं काम म्हणजे पायऱ्यांची कवायत. आम्ल लावायचं, काही सेकंद मोजायचे, धुवायचं, योग्य तेवढंच वाळवायचं, चिकट द्रव लावायचा, मग रेझिनचे पातळ थर द्यायचे. नेहमीच्या रेझिनचा थर साधारण दोन मिलिमीटरचा. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरून तो कडक करायचा. मध्येच लाळेचा किंवा हिरडीच्या रक्ताचा थेंब आला की चिकटणं बिघडलं. म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा बांधतात, त्याला रबर डॅम म्हणतात. हा पडदा 1864 पासून वापरात आहे. तरी तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडात तो कधी बांधला गेलाय, आठवून बघा.

आणि तो निळा दिवा. त्याच्या टोकावर जुनं रेझिन चिकटलेलं असलं, किंवा तो थोडा तिरका धरला, की प्रकाश कमी पोचतो. वरचा पापुद्रा कडक होतो, तळ कच्चा राहतो. तुम्ही आरसा बघता, खूश होऊन घरी जाता. डॉक्टरही खूश. वर्ष-दोन वर्षांनी कडेला तपकिरी रेघ दिसते, थंड पाणी झोंबतं, आत पुन्हा कीड लागते. तोवर दोघंही तो दिवस विसरलेले असतात. चूक आज होते आणि दिसते फार उशिरा. अशा कामात नुसत्या अनुभवाने माणूस सुधारत नाही. तीच चूक वीस वर्षं आत्मविश्वासाने करता येते.

आता सौंदर्याच्या कामाकडे येतो. 'म्हातारपणी कसली फॅशन' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या कंपनीत तेलंगणातल्या नलगोंडा भागातला एक जवान होता. त्या पट्ट्यातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायल्यामुळे त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. प्लाटूनच्या प्रत्येक फोटोत हा तोंडावर हात धरलेला. आमच्या डेंटल ऑफिसरनी सौम्य आम्ल आणि बारीक भुकटी वापरून वरचा डागाळलेला अगदी पातळ थर घासून काढला आणि दोन दातांवर रेझिन चढवलं. दात कापून लहान केला नाही. पुढच्या फोटोत हात खाली होता. सैन्यातल्या दंतविभागाची उभारणी 1 फेब्रुवारी 1941 ची. तिथले लोक उगाच कापाकापी करत नाहीत, हा माझा अनुभव आहे. अर्थात तिथे कुणाला बिलही द्यायचं नसतं, तेही खरं.

कापणं का वाईट? एनॅमल पुन्हा उगवत नाही. एडलहॉफ आणि सोरेन्सन यांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पुढच्या दातांवर वेगवेगळ्या कामांसाठी किती दात कापला जातो, हे त्यांनी वजन करून मोजलं. पातळ व्हिनियरसाठी, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या चिनी मातीच्या पापुद्र्यासाठी, हिरडीबाहेरच्या दाताचा 3 ते 30 टक्के भाग गेला. पूर्ण कॅपसाठी गेला 63 ते 72 टक्के. माझ्या सहा दातांचं काय होणार होतं, ते यावरून समजा. आणि कॅप काही जन्मभराची नसते. पंचविशीत बसवलेली कॅप आयुष्यात दोन-तीनदा बदलावी लागू शकते. दर वेळी उरलेला दात आणखी कमी.

मग कोर्समध्ये शिकवतात काय? पहिला कोर्स मी पाहिला तो हॉटेलच्या हॉलमध्ये. साठ-सत्तर डॉक्टर, स्टेजवर मोठा पडदा, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. बाहेर कंपन्यांचे स्टॉल. दुपारी जेवण उत्तम होतं, पनीरची भाजी मी दोनदा घेतली. संध्याकाळी प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि गुण. हे गुण म्हणजे भानगड अशी की, डेंटल कौन्सिलच्या नियमांत शिक्षण चालू ठेवण्यासाठी गुणांचा हिशेब ठेवला गेला. हेतू चांगलाच आहे. पण त्या हॉलमध्ये गुण मिळाले ते हजेरीचे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी संसदेने 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. कायदा नवा आला तरी हजेरी म्हणजेच शिक्षण हा हिशेब तसाच राहिला, तर भिंतीवर फक्त फ्रेमा वाढतील.

फौजेत रायफलवर व्याख्यान ऐकून कुणी मार्क्समन होत नाही. रेंजवर न्यायचं, गोळ्या झाडायला लावायच्या आणि मग टार्गेटवरची भोकं मोजायची. सुभेदारसाहेबांचीही मोजायची आणि कर्नलचीही. वीस वर्षं नोकरी झालीय म्हणून कुणाला सूट नाही.

दुसरा कोर्स मला त्या रेंजसारखा वाटला. बाराच डॉक्टर. प्रत्येकाला काढून टाकलेले, निर्जंतुक केलेले खरे दात दिले होते. त्यात फिलिंग करायचं. मग शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाचा दात मधोमध उभा कापला आणि भिंगाखाली धरून पडद्यावर दाखवला. कुठे हवेचा बुडबुडा, कुठे कडेला फट. एका डॉक्टरांची प्रॅक्टिस पंचवीस वर्षांची, आणि त्यांच्या फिलिंगचा तळ सुईने खरवडला तर निघून येत होता. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्यांनी जाकीट काढलं, बाह्या सरसावल्या आणि दुसरा दात मागितला.

त्याच कोर्समध्ये अर्धा दिवस फक्त 'काय करायचं नाही' यावर होता. आधी हिरड्या ठीक करा. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड किती उघडतं, आत पांढरे चट्टे आहेत का, ते बघा, पांढऱ्या दातांचं नंतर. पिवळेपणासाठी पहिला उपाय ब्लीचिंग, मग रेझिन, मग व्हिनियर, आणि कॅप सगळ्यात शेवटी. रंग निवडायचा तो काम सुरू करायच्या आधी, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. ही शेवटची गोष्ट ऐकून भाची मला हळूच म्हणाली, "मामा, हे मला कॉलेजात सांगितलं होतं, मी विसरले होते."

तुम्ही रुग्ण म्हणून काय विचाराल? डॉक्टरांना 'किती कोर्स केले' हे विचारू नका. विचारा की माझा किती दात कापला जाणार आहे, न कापता काय होऊ शकतं, रबर डॅम लावणार का, आणि तुम्ही केलेलं असंच काम पाच वर्षांनी कसं दिसतं त्याचा फोटो आहे का. चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट जरा सावरून बसतो.

त्या दुसऱ्या कोर्सची एक अट होती. सहा महिन्यांनी परत यायचं आणि स्वतःचं एक बिघडलेलं काम घेऊन यायचं. भाचीने एका शिक्षिकेच्या पुढच्या दाताचे फोटो नेले होते. चौदा महिन्यांत कडेला रेघ आली होती. सगळ्यांनी मिळून कारण शोधलं. दिव्याच्या टोकावर रेझिनचा थर साचला होता, तिने तो कधी तपासलाच नव्हता. इंदूरला परत आल्यावर तिने त्या बाईंना फोन करून बोलावलं, चूक सांगितली आणि पैसे न घेता काम पुन्हा केलं. मग वही काढून त्या काळातल्या बाकीच्या रुग्णांची यादी करायला बसली. यादी एकेचाळीस जणांची झाली.

माझ्या दाताचं जुनं फिलिंगही तिनेच बदललं. रबर डॅम लावून, पाऊण तासात, एकही दात न घासता. लग्नाच्या अल्बममध्ये मी माझ्या वयाचाच दिसतो.

पुढच्या भागात कवळी की इम्प्लांट, यावर बोलू. जय हिंद.