गाठ नसलेला लिम्फोमा

लिम्फोमा म्हटलं की मानेला किंवा काखेत गाठ, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. आज आम्ही ज्या रुग्णांबद्दल बोलणार आहोत, त्यांना बहुतेक वेळा गाठ नसतेच. महिना-दोन महिने ताप, उतरलेलं वजन, वाढलेली प्लीहा (आपली पानथरी) आणि रक्तातल्या पेशी कमी. आपल्याकडे अशा तापात पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. पण उपचार करूनही ताप हटत नाही, तेव्हा अस्थिमज्जा तपासतात आणि नमुना आम्हा पॅथॉलॉजिस्टांकडे येतो.

नमुने दोन. एक, कमरेच्या हाडातून सुईने ओढलेली पातळ मज्जा. दुसरा, त्याच हाडाचा बारीक दंडगोल तुकडा, म्हणजे ट्रिफाइन बायॉप्सी. पातळ मज्जेत पेशींचे चेहरे छान दिसतात, पण त्या कुठे बसल्या होत्या ते कळत नाही. हेअरी सेल ल्युकेमियात तर तंतूंचं जाळं इतकं दाट असतं की सुईत काही येतच नाही. रिपोर्टवर ‘ड्राय टॅप’ दिसलं की नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. पण मज्जा न येणं हीसुद्धा एक खूण असते.

आणि जागेला फार महत्त्व आहे. म्हातारपणी मज्जेत लिम्फोसाइटचे निरुपद्रवी पुंजके सापडतात. ते सहसा हाडाच्या पट्ट्यांपासून दूर, मधोमध असतात. फॉलिक्युलर लिम्फोमा मात्र त्या पट्ट्यांना चिकटून पसरतो.

सगळ्यांत फसवी जागा म्हणजे सायनुसॉइड, मज्जेतल्या पातळ भिंतीच्या रुंद रक्तवाहिन्या. काही लिम्फोमांच्या पेशी त्यांच्या आत रांगेने बसतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मज्जा जवळपास नॉर्मल वाटते. सीडी२० किंवा सीडी३ चा खास रंग दिला की तपकिरी रांगा उमटतात! सीडी२० उमटलं आणि पेशी लहान असल्या, तर प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा आठवायचा. मोठ्या असल्या तर इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. सीडी३ उमटलं तर हेपॅटोस्प्लेनिक टी-सेल लिम्फोमा.

यातला मधला, इंट्राव्हॅस्क्युलर, 1959 मध्ये फ्लेगर आणि टापाइनर यांनी प्रथम वर्णिला. तेव्हा तो रक्तवाहिनीच्या अस्तराचाच रोग समजला गेला. पेशी लिम्फोसाइटच्या आहेत हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे हा रोग पहिल्यापासूनच चकवणारा. यात रक्तातलं एलडीएच बरंच वाढतं, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीच्या तुकड्यातही पेशी सापडू शकतात. काही रुग्णांच्या मज्जेत तर रक्तपेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचीच गर्दी असते, आणि त्यामागे लपलेला लिम्फोमा नजरेतून सुटतो.

तुम्ही विचाराल, रिपोर्टला इतके दिवस का? हाडातला चुना विरघळवावा लागतो, मग वेगवेगळ्या पातळ्यांवर काप घ्यावे लागतात, त्यानंतर खास रंग. तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर रोग निसटू शकतो. त्याहून मोठी अडचण स्टेरॉइडची. ताप उतरावा म्हणून ते आधीच दिलेलं असतं. रुग्णाला बरं वाटतं, लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात आणि आमच्या हाती रिकामी मज्जा येते. म्हणून बायॉप्सीच्या फॉर्मवर आम्ही आधी तेच शोधतो: स्टेरॉइड दिलं आहे का, आणि कधीपासून.