डेड कुशनला पुन्हा जीव कसा येतो?

पूलच्या टेबलाचा पाटीचा दगड शंभर वर्षंही टिकतो. त्यावरचं कापड झिजलं की डोळ्यांना दिसतं आणि बदललं जातं. पण टेबलाच्या कडांना, कापडाआड चिकटवलेली रबराची पट्टी इतकी सावकाश मरते की रोज खेळणाऱ्यालाही ते कळत नाही. हात नकळत जोर वाढवत जातो, आणि एके दिवशी दुसऱ्या टेबलावर खेळताना बॉल भलताच पळतो, तेव्हा लक्षात येतं की आपल्या टेबलाची कुशनं डेड झाली आहेत.

अशी टेबलं अमेरिकेत भरपूर आहेत. ब्रन्सविक कंपनीने १९६१ साली ‘गोल्ड क्राउन’ हे टेबल बाजारात आणलं, आणि ते तिथल्या पूल हॉलचं प्रमाण टेबल ठरलं. त्याच्याही आधीची, याच कंपनीची, कडेवर ‘मोनार्क कुशन्स’ असं लिहिलेली छोटी पाटी मिरवणारी टेबलं अजून घराघरांत आहेत. दगड शाबूत, लाकूड सुंदर, पाय भक्कम. फक्त कडा मेलेल्या. मालकाला वाटतं, नवं रबर आणून चिकटवलं की झालं. माझ्या मते या दुरुस्तीत रबर हा सगळ्यांत सोपा भाग आहे. खरं काम आहे ते त्या रबराचं नाक, म्हणजे बॉलला टेकणारी त्याची पुढची धार, योग्य उंचीवर आणून ठेवण्याचं आणि त्याच्या पाठीशी न हलणारं लाकूड उभं करण्याचं.

आधी रबराचं पाहू. बिलियर्ड्सच्या टेबलांच्या कडांना पूर्वी कापडाच्या पट्ट्या, लोकर, घोड्याचे केस असं काहीबाही भरलेलं असे. बॉल त्यावर आदळून कसाबसा परत येई. लंडनच्या जॉन थर्स्टन या टेबल बनवणाऱ्याने १८२६ साली लाकडाऐवजी पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग आणला आणि १८३५ साली कडांना रबर लावलं. उसळी मिळाली, पण इंग्लंडच्या थंडीत ते कच्चं रबर दगडासारखं कडक होई. खेळ सुरू करण्यापूर्वी गरम पाण्याची भांडी कडेला लावून ते शेकावं लागे. उत्तर काही वर्षांतच टप्प्यात आलं. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडलं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्यावर काम केलं. १८४५ साली थर्स्टनने असं व्हल्कनाइज केलेलं रबर कडांना लावलं. आजची पट्टी मुळात तीच आहे.

गंधक नेमकं काय करतं? नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीन नावाच्या रेणूच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतून वेटोळी करून पडलेल्या. दाब आला की त्या आपली जागा सोडतात, आणि कच्च्या रबरात त्या एकमेकींवरून घसरून तशाच राहतात. गंधकाचे अणू या साखळ्यांना जागोजागी टाके घालतात. मग दाब आला की साखळ्या सरकतात, पण घसरून जाऊ शकत नाहीत, आणि दाब जाताच पुन्हा मूळच्या वेटोळ्यात येतात. रबराची उसळी स्प्रिंगपेक्षा वेगळी असते ती इथे. पोलादाच्या स्प्रिंगमध्ये अणूंमधले बंध ताणले जातात. रबरात साखळ्यांची ओढ असते ती अस्ताव्यस्त होण्याकडे, म्हणजे उष्णतेने होणाऱ्या त्यांच्या सततच्या वळवळीतून आलेली. याची झलक पाहायची तर रुंद रबरबँड चटकन ताणून लगेच ओठाला लावा, तो किंचित गरम लागेल. घरातल्या मुलांना हा प्रयोग जरूर करायला सांगा.

या टाक्यांचं गणित वर्षानुवर्षं हवेतला ऑक्सिजन बिघडवतो. कुठे साखळी तुटते, कुठे नको तिथे नवा टाका पडतो. ओझोन तर साखळ्यांमधल्या दुहेरी बंधांवर थेट हल्ला करतो आणि ताणलेल्या रबरावर बारीक भेगा पाडतो. टाके फार वाढले की रबर कडक होतं आणि बॉल आदळल्यावर दबतच नाही. साखळ्या तुटल्या की ते लिबलिबीत होतं, दबतं, पण मिळालेली ऊर्जा परत देण्याऐवजी उष्णतेत घालवतं. दोन्ही प्रकारांत बॉल निर्जीव परततो, आणि एकाच टेबलाच्या सहा कडांपैकी दोन एका तऱ्हेने आणि चार दुसऱ्या तऱ्हेने बिघडलेल्या असू शकतात. म्हणून निदान कडेगणिक करायचं. अंगठ्याने नाक दाबून पाहायचं. हाताच्या मुठीने कडेवर हलकं ठोकत पुढे जायचं; एखाद्या जागी आवाज बद्द आला किंवा खुळखुळला, तर तिथे रबराचा गोंद सुटलाय किंवा बोल्ट सैल झालाय असं समजावं. कित्येकदा सगळा दोष बोल्टचाच निघतो. पूलच्या बहुतेक टेबलांत दोन पॉकेटांमधल्या प्रत्येक कडेला खालून, दगडातून वर आलेले तीन बोल्ट असतात. ते सैल असले तर बॉलच्या धक्क्याने सगळी कड थरथरते आणि ऊर्जा त्या थरथरीत जिरते. पान्याने बोल्ट आवळून पाहिल्याशिवाय रबरावर खर्च करू नये.

आता सगळ्यांत रसाळ भागाकडे येतो. कुशनचं नाक बॉलच्या मध्याच्या वर असतं. किती वर? विश्व पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के उंचीवर, एक टक्का इकडे-तिकडे चालेल. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे नाक टेबलापासून सुमारे ३६.३ मिलिमीटरवर. हा आकडा आला कुठून?

पुस्तकी उत्तर वेगळं मिळतं. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला आडवा धक्का मारून उलट दिशेने तसाच घरंगळत पाठवायचा असेल, तर धक्का व्यासाच्या बरोबर सात-दशांश उंचीवर बसला पाहिजे. म्हणजे ४० मिलिमीटर. मग नाक तिथे का नाही? कारण कुशन आडवा धक्का मारतच नाही. गोळ्यावर कुठेही टेकलं तरी टेकणाऱ्या वस्तूचा सरळ दाब गोळ्याच्या केंद्राकडेच जातो. नाक मध्याच्या वर असल्याने हा दाब तिरका, खाली झुकलेला असतो. ३६.३ मिलिमीटरवर त्याचा कल सुमारे १६ अंशांचा येतो. बॉलला परत ढकलता ढकलता कुशन त्याला दगडावर दाबतंही.

हे दाबणं आवश्यक आहे. घरंगळत येणाऱ्या बॉलचा पुढचा भाग खाली जात असतो. तो नाकाला घासतो आणि कापडाचं घर्षण त्याला वर उचलू पाहतं. नाक बरोबर मध्याच्या उंचीवर असतं तर या उचलण्याला अडवणारं काहीच नसतं आणि जोरातल्या प्रत्येक बॉलने उडी मारली असती. तिरका दाब या उचलीवर मात करतो. नाक फार वर नेलं तर उलटा अपाय होतो: बॉल दगडावर चेपला जातो, वेग गमावतो आणि कडेलगतचं कापड घासून घासून तिथे चर पाडतो. युरोपात लोकप्रिय असलेल्या, पॉकेट नसलेल्या कॅरम बिलियर्ड्समध्ये बॉल ६१.५ मिलिमीटरचा आणि कुशन ३७ मिलिमीटरवर असतं, म्हणजे साधारण साठ टक्के. खेळ वेगळा म्हणून तडजोड वेगळी, पण सात-दशांशापर्यंत दोघांपैकी कुणी जात नाही.

त्या उंचीतला एकेक मिलिमीटर किती मोलाचा आहे पाहा. पूलच्या टेबलावर नाक दोन मिलिमीटरने खाली बसलं, तर दाबाचा कल १६ अंशांवरून साडेअकरावर उतरतो. डोळ्यांना फरक दिसणार नाही. जोरातले बॉल मात्र उसळ्या मारू लागतील.

दुसरी गोष्ट फिरकीची. बॉल कडेकडे घरंगळत येतो तेव्हा त्याच्यात पुढच्या दिशेची फिरकी असते. आदळून तो उलट निघतो, पण फिरकी पूर्ण उलटलेली नसते. आता ती त्याच्या नव्या दिशेच्या विरुद्ध झाली आणि कापडावर ब्रेकसारखी लागते. समजा रबर इतकं आदर्श आहे की सगळा वेग परत देतं, पण फिरकीला हातच लावत नाही. तरीही कापडाशी घासून बॉल पुन्हा घरंगळू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या तीन-सप्तमांशावर येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वेग रबराचा काडीइतकाही दोष नसताना जाऊ शकतो. प्रत्यक्षात नाकाशी होणाऱ्या घर्षणाने फिरकी बरीचशी कमी होते, म्हणून अवस्था इतकी वाईट नसते. पण हळू घरंगळत गेलेला बॉल कडेवरून मलूल परतला म्हणून कुशनला दोष देणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. नियमातली चाचणी म्हणूनच जोरकस फटक्याची आहे: क्यू (बॉल मारायची काठी) आडवा धरून, बॉलच्या मध्यावर, बाजूची फिरकी न देता मारलेला बॉल टेबलाच्या लांबीच्या किमान चार ते साडेचार पट अंतर, उडी न मारता गेला पाहिजे.

अशा हिशेबांवर, म्हणजे बिलियर्ड्सच्या गतिशास्त्रावर, पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस आपल्याला मोसमी वाऱ्यांच्या धड्यात भेटतो. फिरत्या पृथ्वीवर वारे का वळतात हे ज्याच्या नावाने शिकवतात, त्याच गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिसने १८३५ साली हे पुस्तक काढलं. तिरक्या क्यूने मारलेला, घसरणारा बॉल घरंगळू लागेपर्यंत परवलयाच्या वाटेने जातो, हे त्याने सिद्ध केलं. थर्स्टनने कडांना रबर लावलं तेही याच वर्षी.

तर आता जुन्या टेबलाकडे. रबराच्या पट्ट्या अनेक आकारांत मिळतात. आजच्या पूल टेबलांसाठी ‘के-६६’ आणि ‘के-५५’ हे दोन त्रिकोणी छेद मान्य आहेत. पट्टी ज्या लाकडावर चिकटते त्याची पुढची बाजू तिरकी तासलेली असते, आणि तो उतार मूळच्या पट्टीच्या छेदानुसार ठरवलेला असतो. जुन्या टेबलावर मूळची पट्टी आजच्या मापाची असेलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक टेबलांत तर कडा खालून नव्हे, बाजूने आत गेलेल्या बोल्टांनी दगडाच्या काठाला बांधलेल्या असत. अशा लाकडावर बाजारातली के-६६ पट्टी नुसती चिकटवली की नाक वर किंवा खाली जातं, शिवाय पुढे किंवा मागेही सरकतं. नऊ फुटी टेबलावर नाकापासून नाकापर्यंतचं मैदान १०० बाय ५० इंच असायला हवं. ते बदललं की पॉकेटांची तोंडं बदलतात, कडेवरच्या खुणांचं नाकापासूनचं अंतर बदलतं, आणि त्या खुणांवरून कोन काढणाऱ्या खेळाडूचे आडाखे चुकू लागतात.

उपाय सुताराच्या हातात आहे. जुनं रबर आणि वाळलेला गोंद खरवडून काढायचा, लाकडावर मजबूत लाकडाची पट्टी जोडून ते वाढवायचं आणि नव्या रबराच्या मापाने उतार पुन्हा कापायचा. भुसा दाबून केलेल्या फळीच्या कडा असतील तर मी म्हणेन, त्यांवर पैसे घालू नका, घट्ट लाकडाच्या नव्या करून घ्या. रबर कितीही चांगलं असलं तरी पाठीमागचं लाकूड धक्का शोषून घेत असेल तर उसळी मिळणार नाही. चिकटवायला चपला-बुटांच्या दुरुस्तीत वापरतात त्या जातीचं सोल्यूशन लागतं: दोन्ही बाजूंना लावायचं, सुकू द्यायचं, मग जोडायचं. पट्टी चिकटवताना ती ताणू नये. ताणलेलं रबर पुढे आकसतं आणि ओझोनच्या भेगाही ताणलेल्या जागीच आधी पडतात. पॉकेटांच्या तोंडाशी पट्टी कापून तिथे जास्त कडक रबराचे पातळ तुकडे लावतात, कारण तिथे बॉल धारेवर आदळतो. मग कापड, जे लाकडाच्या खाचेत एका बारीक पट्टीने ठोकून बसवतात. ओढ सगळीकडे सारखी हवी. एका जागी जास्त ओढलं तर तिथलं नाक दबून राहतं आणि नवं रबरही मंद वाटतं.

आपल्याकडच्या क्लबांसाठी एक इशारा. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, तो खेळ बारा फुटी इंग्लिश टेबलावरचा. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांतली जुनी टेबलंही मुख्यतः याच घराण्यातली. त्यांचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, कुशनची पट्टी वेगळ्या छेदाची, आणि आधुनिक टेबलांत ती पोलादी ठोकळ्यांवर बसवलेली असते. पूलची पट्टी तिथे चालत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात कापड दमट होतं आणि बॉल आपोआप मंदावतो. कॅरम बिलियर्ड्सच्या स्पर्धांत दगड खालून तापवतात तो या दमटपणावरच उपाय म्हणून. जुलैत कुशन तपासून ते डेड ठरवू नका, कोरड्या हवेत पुन्हा पाहा.

ज्यांच्याकडे असं जुनं टेबल आहे त्यांना एकच आग्रहाचं सांगणं. रबराची ऑर्डर देण्याआधी सगळे बोल्ट आवळा, टेबलापासून नाकापर्यंतची उंची प्रत्येक कडेवर तीन जागी मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा, आणि जुन्या पट्टीचा हातभर तुकडा फेकून न देता सुताराला दाखवा. नवी पट्टी त्या मापावरून निवडा.